राजाजीच्या नकाशातल्या वाटा

हरिद्वार सोडून गाडी डेहराडूनकडे निघाली की मोतीचूरच्या आसपास तिचा वेग उतरतो. सुट्टी संपवून परत येणाऱ्या आम्हा कॅडेटना याचा राग येतो, कारण संध्याकाळी रिपोर्टिंग असते आणि उशीर झाला तर उत्तर आपल्यालाच द्यावे लागते. पहिल्या वर्षी मला वाटायचे, रूळ जुने असतील. एकदा तिकीट तपासणाऱ्या काकांनी खिडकीबाहेर बोट दाखवून एकच शब्द सांगितला, "हाथी." हा लोहमार्ग राजाजी राष्ट्रीय उद्यानातून जातो. येथे गाडीची धडक बसून हत्ती मेले आहेत, म्हणून वेगावर बंधन आहे.

गेल्या टर्मला भूगोलाच्या प्रकल्पासाठी मी राजाजी निवडले ते, खरे सांगायचे तर, आळसाने. जागा जवळची आणि मुद्दे तयार. त्याच टर्मला हाउसच्या वादविवाद स्पर्धेत 'राखीव जंगलात माणसाला जागा नसावी' या बाजूने बोलून मी बक्षीस मिळवले होते. मी नकाशा काढला: हिरवा पट्टा, मधून निळी गंगा, कडेला काळी हद्द. सरांनी तो पाहिला आणि विचारले, "हा एप्रिलचा नकाशा आहे की ऑक्टोबरचा?"

नकाशाला महिना कसा असेल, हे मला कळेना. पुढची माहिती त्या प्रश्नाच्या मागे लागून जमली आहे.

आधी जमीन समजून घेऊ. राजाजी शिवालिक टेकड्यांत आहे. शिवालिक ही हिमालयाची सगळ्यांत बाहेरची आणि वयाने सगळ्यांत लहान रांग. ती नद्यांनी वाहून आणलेल्या वाळूची, गोट्यांची आणि मातीची बनलेली आहे आणि हा माल अजून नीट घट्ट झालेला नाही. त्यामुळे उतार ढासळतात आणि पाणी टिकत नाही. डोंगरातून खाली येणाऱ्या पावसाळी ओढ्याला इकडे 'राव' म्हणतात. दिल्लीहून रस्त्याने येताना मोहंडजवळ जे पांढरे, रुंद, कोरडे पात्र दिसते तो असाच एक राव. जुलैत त्याच्याजवळ उभे राहवत नाही. एप्रिलमध्ये त्यात क्रिकेट खेळता येईल. पाणी नाहीसे होत नाही, गोट्यांच्या थरातून खाली जाते आणि दक्षिणेला बऱ्याच अंतरावर तराईत पुन्हा वर येते. मधल्या गोट्यांच्या पट्ट्याला भाबर म्हणतात. म्हणजे उन्हाळ्यात या टेकड्यांमध्ये पाणी मोजक्याच जागी उरते: काही झरे, काही डबकी आणि गंगा. हत्ती, चितळ, वाघ, म्हैस आणि माणूस या सगळ्यांना तिथेच यावे लागते.

झाडांचेही तसेच. सालाची दाट राई सोडली तर उतारांवर बाकली, सैन, हळदू, रोहिणी अशी झाडे आहेत. ही नावे मला परकी वाटली होती. शास्त्रीय नावे शोधल्यावर कळले, बाकली म्हणजे आपला धावडा, सैन म्हणजे ऐन, हळदू म्हणजे हेदू आणि रोहिणी म्हणजे शेंदरी. सह्याद्रीतली मंडळी इथेही आहेत. यातल्या बऱ्याच झाडांचा पाला उन्हाळ्याच्या तोंडाशी झडतो. म्हणजे एप्रिल ते जून इथे पाणीही कमी आणि चाराही कमी. नेमक्या त्याच काळात वर, उंच हिमालयात, बर्फ वितळून बुग्यालांवर कोवळे गवत येऊ लागते. हिवाळ्यात उलटे. बुग्याल बर्फाखाली आणि शिवालिक हिरवे.

हे वेळापत्रक ज्यांनी पिढ्यान्पिढ्या पाळले ते वनगुज्जर. हे मुसलमान पशुपालक आहेत, गोजरी बोलतात आणि म्हशी पाळतात. दूध विकून पीठमीठ घेतात. बहुतेक कुटुंबे मांस खात नाहीत, हे वाचून मला नवल वाटले होते. ऑक्टोबर ते एप्रिल शिवालिकच्या रावांच्या काठी गवताने शाकारलेल्या 'डेऱ्या'त राहायचे, झाडांवर चढून फांद्यांचा पाला छाटून म्हशींना घालायचा आणि उन्हाळा लागला की सगळा संसार घेऊन डेहराडून ओलांडून यमुना आणि टोन्सच्या खोऱ्यांतून वर बुग्यालांकडे चालू लागायचे. हल्ली रस्त्यावर वाहने फार, म्हणून म्हशी रात्री हाकतात. ते वर गेले की छाटलेल्या झाडांना पावसाळाभर नवी पालवी फुटायला मोकळीक मिळते आणि उरलेले थोडे पाणी रानातल्या जनावरांसाठी राहते. इंग्रजांच्या काळापासून वनखाते त्यांना परवाने देत आले: कोणत्या भागात, किती म्हशी, किती चराई.

मला हे पटकन समजले याचे कारण आमचे गाव. साताऱ्याकडे दिवाळीनंतर धनगरांचे वाडे येतात. आजोबा त्यांना बोलावून शेतात मेंढरे बसवतात, लेंड्यांचे खत होते, बदल्यात धान्य द्यायचे. पण चार-सहा रात्रींनंतर वाडा हललाच पाहिजे. "मेंढरू थांबलं की रान खातं, चाललं की रान पिकवतं," असे आजोबा म्हणतात. वादविवादाच्या वेळी हे वाक्य मला आठवले नव्हते. आठवले असते तर बक्षीस गेले असते.

आता कायदा. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यांत काय फरक आहे हे आमच्या सेक्शनमध्ये कोणालाच माहीत नव्हते. मलाही नाही. १९४८ मध्ये राजाजी, १९६४ मध्ये मोतीचूर आणि १९७७ मध्ये चिल्ला अशी तीन अभयारण्ये झाली होती. १९८३ मध्ये ती एकत्र करून राष्ट्रीय उद्यान करण्याचा इरादा जाहीर झाला. क्षेत्र सुमारे ८२० चौरस किलोमीटर. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अभयारण्यात चराईवर नियंत्रण ठेवून ती चालू देता येते. राष्ट्रीय उद्यानात नाही. तिथे पाळीव जनावर आत येणेच मना आहे, अपवाद फक्त अधिकृत माणसाने वाहन म्हणून वापरलेल्या जनावराचा. म्हणजे परवानगी असलेल्या स्वाराचा घोडा आत जाऊ शकतो, दुभती म्हैस जाऊ शकत नाही. एका शब्दाच्या बदलाने परवानाधारक गुज्जर अतिक्रमण करणारा ठरण्याच्या वाटेला लागला.

'वाटेला लागला' असे म्हणतो, कारण शेवटची अधिसूचना निघायला २०१३ साल उजाडले. इरादा आणि शिक्का यांच्यात तीस वर्षे. या तीस वर्षांत हरिद्वारजवळ पथरी येथे त्यांच्यासाठी ५१२ घरे बांधली गेली, पण सुरुवातीला गुज्जरांनी तिथे जायला नकार दिला. १९९२ च्या शरद ऋतूत डोंगरावरून परतलेल्या कुटुंबांना उद्यानात शिरू दिले नाही आणि ती म्हशींसह मोहंडच्या बाजूला अडकून पडली. डेहराडूनच्या अवधाश कौशल यांच्या संस्थेने त्यांची बाजू घेतली, गाजावाजा झाला, शेवटी आत सोडले. पुढे याच संस्थेने गुज्जरांकडेच जंगलाची राखण सोपवण्याची योजनाही मांडली. ती अमलात आली नाही.

पण त्या शरद ऋतूने एक गोष्ट शिकवली: बाहेर गेलो तर परत येऊ देतील याची खात्री नाही. वरचे रस्ते गर्दीचे झाले होते, वरची कुरणेही संरक्षित क्षेत्रांत गेली होती. मग बरीच कुटुंबे उन्हाळ्यातही खालीच राहू लागली. ज्या झाडांना पूर्वी सहा महिने विसावा मिळायचा त्यांची छाटणी वर्षभर होऊ लागली. ज्या झऱ्यावर मे महिन्यात फक्त चितळ यायचे तिथे म्हशी दिसू लागल्या. शास्त्रज्ञांनी जे नुकसान मोजले ते खरे होते. ते पाहून 'बघा, हे लोक जंगल संपवतात' असे म्हटले गेले. मीही माझ्या भाषणात तेच म्हटले. चालणारा माणूस थांबला तो का थांबला, हे मी विचारले नव्हते.

दुसरी बाजू लपवणे बरोबर होणार नाही. २००० नंतरच्या काही वर्षांत गंगेच्या पूर्वेकडील चिल्ला भागातली गुज्जर कुटुंबे गैंडीखाता येथे वसवली गेली. त्यानंतर भारतीय वन्यजीव संस्थेचे अभिषेक हरिहर, बिवाश पांडव आणि एस. पी. गोयल यांनी तिथे कॅमेरे लावून मोजणी केली. वाघ वाढले होते. हा पुरावा भक्कम आहे आणि माझ्या भाषणातला सगळ्यात जोरदार मुद्दा तोच होता. वाघ वाढल्यावर बिबटे मात्र कमी झाले, कडेला सरकले आणि त्यांच्या खाण्यात पाळीव जनावरांचा वाटा वाढला. हेही त्यांच्याच अभ्यासात आहे, पण मी तेवढे पान उलटले नव्हते.

खरा धक्का मला पश्चिमेकडे बसला. गंगेच्या या काठाच्या मोतीचूर भागातूनही कुटुंबे हलवली गेली होती. माणूस हटला की वाघ येतो, हे सूत्र खरे असेल तर इथेही वाघ वाढायला हवे होते. वाढले नाहीत. वर्षानुवर्षे या बाजूला दोन वाघिणी तेवढ्या उरल्या होत्या, नर नाही. अखेर डिसेंबर २०२० पासून कॉर्बेटमधून वाघ बेशुद्ध करून गाडीने आणून इथे सोडण्यास सुरुवात झाली.

फरक कशाचा? चिल्ला पूर्वेकडे लॅन्सडाउनच्या जंगलाने कॉर्बेटशी जोडलेले आहे. तिथून वाघ चालत येऊ शकला. मोतीचूरला यायचे तर गंगा पार करावी लागते. गंगेची अडचण नाही, वाघ आणि हत्ती दोघेही उत्तम पोहतात. अडचण काठांवरची आहे. पूर्व काठाला ऋषिकेशहून चिल्ला वीजकेंद्राकडे जाणारा सुमारे १४ किलोमीटरचा कालवा आहे, सिमेंटच्या उभ्या बाजूंचा, ज्यात पडलेल्या जनावराला वर येता येत नाही. पश्चिम काठाला महामार्ग, लोहमार्ग, वाढत चाललेली वस्ती आणि रायवाला येथील लष्कराचा दारूगोळ्याचा साठा. या चिल्ला–मोतीचूर मार्गाने पूर्वी हत्तींचे कळप उन्हाळ्यात ये-जा करत. आशियाई हत्तीचा प्रदेश वायव्येला साधारण इथेच संपतो, म्हणजे ही वाट बुजली तर पश्चिमेकडचे हत्ती एका बाजूने बंद झालेल्या खोलीत राहिल्यासारखे होतात.

दारूगोळ्याच्या साठ्याचे वाचून मी जरा गप्प झालो. आपल्याला फौजेत जायचे आहे. साठा तिथून हलवावा अशी चर्चा अनेक वर्षे चालू आहे आणि हे काम सोपे नाही हे मला कळते. आमच्या एका प्रशिक्षकांना विचारले तर ते म्हणाले, असा साठा म्हणजे नुसती गोदामे नसतात. त्याच्याभोवती सुरक्षित अंतर लागते, रस्ता लागतो, रूळ लागतो, आणि हे सगळे दुसरीकडे उभे करायला जागा लागते. बरोबर आहे. पण मी व्यासपीठावरून 'जंगलात माणूस नको' म्हणालो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर फक्त गुज्जरांचा डेरा होता. कालवा, रूळ, रस्ता आणि आपला साठा हीदेखील माणसेच आहेत, हे मोजले नव्हते. डेरा वर्षातून सहा महिने उठायचा. या गोष्टी उठत नाहीत.

चांगलेही काही झाले आहे. महामार्ग रुंद करताना लाल तप्पड, मोतीचूर आणि तीनपानी येथे रस्ता उचलून खालून जनावरांना वाट ठेवली आहे, जरी ते काम फार रेंगाळले. दिल्ली–डेहराडून नव्या महामार्गाला मोहंडच्या बाजूला सुमारे १२ किलोमीटरचा उंच रस्ता खांबांवर नेला आहे, तोही याच कारणासाठी. वरून गाड्या, खालून हत्ती. मी बसमधून खांबांमधली जागा पाहिली. एक म्हशींचा कळपही आरामात मावेल असे मनात आले.

मिडटर्मला नेचर क्लबबरोबर चिल्ला पाहून परतताना आम्ही गैंडीखात्याच्या बाजूला चहाला थांबलो. तिथे दूध घेऊन आलेले एक वृद्ध गुज्जर भेटले. लांब दाढी, डोक्यावर भरतकामाची टोपी. मी त्यांना "चाचा" म्हणून हाक मारली आणि तयार केलेला प्रश्न विचारला: "जंगल चांगले होते की इथे चांगले आहे?" वार्ताहर झाल्यासारखे वाटत होते.

चाचा हसले. म्हणाले, इथे दोन एकर आहेत, वीज आहे, नातू शाळेत जातो, सून आजारी पडली तेव्हा तासाभरात दवाखान्यात पोचली. जंगलात आमची थोरली बहीण अशीच वाटेत गेली. मला वाटले, उत्तर मिळाले. मग ते म्हणाले, म्हशी मात्र विकाव्या लागल्या, चार ठेवल्या. पालाच नाही तर खाणार काय? त्या चार म्हशी एप्रिल लागला की दावे ओढतात. उत्तरेकडे तोंड करून ओरडतात. "त्यांना कोणी सांगितलं नाही, की आता जायचं नाही."

मग त्यांनी मला विचारले, तू कुठला? मी सांगितले, महाराष्ट्र. घरी केव्हा जातोस? वर्षातून दोनदा. "मग तूही गुज्जरच," असे म्हणून त्यांनी चहाचे पैसे आमच्या सरांना देऊ दिले नाहीत.

पुनर्वसन हवे की नको याचे एकच उत्तर मला सापडलेले नाही. उद्यानात उरलेल्या गुज्जरांना संशोधकांनी विचारले तेव्हा फार मोठ्या संख्येने कुटुंबांनी बाहेर वसायची तयारी दाखवली होती. कारणे चाचांचीच होती: शाळा, दवाखाना आणि आटत चाललेला चारा. जे स्वतःहून जातात त्यांना 'जंगलातच राहा, तुमची संस्कृती सुंदर आहे' असे वसतिगृहात बसून सांगणारा मी कोण? पण जाणे आणि घालवणे यांत फरक आहे, आणि तो फरक आता कायद्यातही आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात फिरत्या पशुपालकांचा चराईचा आणि हंगामी ये-जा करण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत लिहिलेला आहे, आणि संरक्षित क्षेत्रातून हलवायचे असेल तर आधी हक्क ठरवून लोकांची संमती घ्यावी लागते. अडचण अशी की उत्तराखंडात वनगुज्जर अनुसूचित जमातीत नाहीत, शेजारच्या हिमाचलात गुज्जर आहेत. त्यामुळे इथे त्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, वास सिद्ध करावा लागतो. दर सहा महिन्यांनी गवताचे घर सोडून जाणाऱ्या माणसाने ७५ वर्षांचा पुरावा कुठे ठेवायचा? चराईच्या जुन्या पावत्या ज्यांनी पत्र्याच्या पेटीत जपल्या त्यांचे भागले.

२०१५ मध्ये राजाजी व्याघ्र प्रकल्प झाला. आजूबाजूचे जंगल धरून क्षेत्र हजार चौरस किलोमीटरच्या वर गेले. काळी हद्द मोठी झाली. हद्द वाढल्याने चिल्ल्याचा वाघ मोतीचूरला पोचत नाही, हे मात्र मला आता माहीत आहे.

मी नकाशा पुन्हा काढला. या वेळी दोन काढले, एप्रिलचा आणि ऑक्टोबरचा. हिरवा रंग फिका ठेवला आणि त्यावर रेघा घातल्या: हत्तींची तांबडी, वाघांची पिवळी, गुज्जरांची तपकिरी. कालवा, रूळ, महामार्ग आणि साठा काळ्या रंगात. जिथे काळी रेघ रंगीत रेघेला छेदते तिथे गोल केले. चिल्ला ते मोतीचूर एवढ्याशा अंतरात गोल एकमेकांवर चढले, तेव्हा तो भाग मोठ्या प्रमाणावर वेगळ्या कागदावर काढावा लागला.

सरांनी दोन्ही नकाशे भूगोलाच्या वर्गात लावले आहेत. एप्रिलच्या नकाशात तपकिरी रेघ मोहंडपासून डेहराडूनपर्यंत पूर्ण आहे, पुढे तुटक. आता किती कुटुंबे वर जातात आणि कोणत्या वाटेने, हे मला पुस्तकात मिळाले नाही. चाचांनी सांगितले आहे की त्यांचा एक भाचा अजून जातो, आणि एप्रिलमध्ये रात्री दहानंतर शहराच्या कडेच्या रस्त्यावर उभे राहिलात तर म्हशींच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येतात. दहाला आमचे लाइट्स आउट असते. परवानगीचा अर्ज दिला आहे.